घरावरचं ‘लीन’ : टेक्सासमधल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

काही वर्षांपूर्वी आषाढी एकादशीला माझ्या घरी भजन होतं. टाळ खाली ठेवले, साबुदाण्याच्या खिचडीच्या बशा फिरल्या, आणि शेवटच्या अभंगाचं कौतुक करताना कुणीतरी म्हणालं, “अगदी चरणी लीन व्हायला होतं.” कोपऱ्यात एक काका बसले होते, वय ऐंशीच्या आतबाहेर. ते पटकन म्हणाले, “मी विठ्ठलाच्या चरणी लीन, माझं घर काउंटीच्या चरणी लीन.” आम्ही खो खो हसलो. काकांच्या कोट्यांची सवयच होती. इथल्या भाषेत ‘लीन’ म्हणजे मालमत्तेवरचा बोजा, आणि काउंटी म्हणजे जिल्ह्याचं सरकार, हे प्रत्येकाला ठाऊक. पण ते खरं सांगत होते, हे एकालाही कळलं नाही. मलाही नाही. आणि मी दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल ग्रंथालयात बसून म्हाताऱ्या माणसांची टॅक्स रिटर्न्स फुकट भरून देणारी बाई!

काका २०२४ च्या वसंतात गेले. मुलगा सिअ‍ॅटलला. क्रियाकर्म झालं, तो परत गेला, घराला कुलूप. प्रोबेटचे, म्हणजे वारशाच्या कोर्टाचे कागद, भावाबहिणींच्या सह्या, दिवाळी, असं करत करत घर विकायला काढलं तोवर थंडी आली. गिऱ्हाईक मिळालं आणि विक्री पक्की व्हायच्या, म्हणजे क्लोजिंगच्या आठवड्यात, घराची मालकी आणि बोजे तपासणाऱ्या टायटल कंपनीकडून आकडा आला: सहा वर्षांचा प्रॉपर्टी टॅक्स थकलेला, व्याजासकट अडतीस हजार डॉलरच्या आसपास, वर मुदत उलटल्याचा दंड वेगळा. मुलाने मला फोन केला. पैशाबद्दल तो फारसं बोलला नाही, घर तसं चांगल्या किमतीला जात होतं. तो सारखा एकच म्हणत होता: “मावशी, दर रविवारी फोनवर ‘सगळं ठीक आहे’ म्हणायचे.”

काकांनी बेकायदा काही केलं नव्हतं. त्यांनी टेक्सासच्या कायद्याने प्रत्येक ६५ वर्षांच्या घरमालकाला दिलेला हक्क वापरला होता: राहत्या घराचा टॅक्स पुढे ढकलणे, इथल्या बोलीत डिफरल. चूक झाली ती एकच. त्यांनी ते कोटी करून सांगितलं, आणि आम्ही हसलो.

हे पत्र त्या हसण्याची भरपाई म्हणून लिहिते आहे.

तुम्हाला का, तेही सांगते. मंडळाच्या यादीतली जी माणसं सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या सुरुवातीला इथे आली, ती आज सत्तरी-ऐंशीत आहेत. बहुतेकांचं मॉर्गेज फिटलेलं. घर मोठं, मुलं लांब, उत्पन्न म्हणजे सोशल सिक्युरिटीची सरकारी पेन्शन आणि थोडी शिल्लक. आपल्या राज्यात पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही याचं आपण नव्याने आलेल्या पोरांना कौतुकाने सांगतो. पण शाळा, काउंटी, शहर, पाणीपुरवठ्याची संस्था या सगळ्यांचं पोट भरतं ते प्रॉपर्टी टॅक्सवर. कमाई थांबली तरी घराची किंमत थांबत नाही, आणि टॅक्स किमतीवर लागतो. यावर कायद्यात एक तोड आहे, ती आपल्या माणसांना माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना तिची लाज वाटते. ही लाज कुठून येते, ते मला चांगलं ठाऊक आहे.

माझे वडील सोलापूर जिल्ह्यात कोरडवाहू शेती करत. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी गावच्या विकास सोसायटीचं कर्ज उचललं. तलाठ्याने फेरफार घातला आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा चढला. मी तेव्हा सतरा वर्षांची. वडील तो उतारा घरात कुणाला दाखवत नसत. पत्र्याच्या पेटीत, आजीच्या लुगड्याखाली ठेवलेला असे. बोजा उतरला त्या दिवशी, कित्येक वर्षांनी, त्यांनी कोरा उतारा आणून देवापुढे ठेवला आणि आईने साखर वाटली. ज्या घरात कर्जफेडीची साखर वाटतात, त्या घरातल्या माणसाला सत्तराव्या वर्षी तुम्ही सांगता की घरावर सरकारचा बोजा चढवून घ्या. तो ‘हो’ कसा म्हणेल? ‘बोजा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जप्ती येते, दवंडी येते, चावडीवर वाचलेली नावं येतात.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, ती ऐकून अनेकांचा चेहरा पडतो. टेक्सासमध्ये दर वर्षी १ जानेवारीला प्रत्येक करपात्र मालमत्तेवर त्या वर्षाच्या टॅक्ससाठी आपोआप बोजा बसतो. तुमच्या, माझ्या, अध्यक्षांच्या, खजिनदारांच्या घरावर. टॅक्स भरला की तो सुटतो, पुढच्या १ जानेवारीला पुन्हा बसतो. बँकेच्या मॉर्गेजपेक्षाही त्याचा नंबर वरचा. डिफरल घेतल्याने घरावर नवी वस्तू येत नाही. जो बोजा असतोच तो सुटायचा थांबतो. आणि हे इथलंच खूळ आहे असंही नाही. पुण्यात आपण जे फ्लॅट घेऊन कुलपं लावून ठेवले आहेत, त्यांच्यावरही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १४१ प्रमाणे मिळकतकराचा पहिला बोजा असतो. वर थकला की महिन्याला २ टक्के शास्ती. वर्षाचे २४ होतात. त्या फ्लॅटची आपल्याला लाज वाटत नाही, उलट फोटो दाखवतो.

आता इथली व्यवस्था. पुढे ढकलणं म्हणजे माफी नव्हे, हे मोठ्या अक्षरात लिहून मंडळाच्या भिंतीवर लावा. वय ६५ झालेला, किंवा कायद्याच्या व्याख्येत अपंग असलेला माणूस आपल्या राहत्या घराचा, म्हणजे होमस्टेडचा टॅक्स न भरता ठेवू शकतो. उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी एक ॲफिडेव्हिट नोटरीपुढे सही करून काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे घरांची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाकडे द्यायचं. टॅक्स ऑफिसकडे नव्हे, हे दोन वेगळे दरवाजे आहेत आणि आपली माणसं हमखास चुकीचा ठोठावतात. एकदा ते दाखल झालं की त्या घरात मालक राहतो आहे तोवर वसुलीसाठी घर विकता येत नाही. दावा आधीच लागला असेल तरी तो थांबतो. व्याज मात्र चालू राहतं, वर्षाला ५ टक्के, सरळव्याज. मधे कधी हातात पैसे आले तर थोडे भरता येतात, कुणी अडवत नाही.

हे न करता नुसता टॅक्स थकवला तर काय होतं? बिल ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतं, मुदत ३१ जानेवारी. १ फेब्रुवारीला ६ टक्के दंड आणि १ टक्का व्याज. तिथून दर महिन्याला वाढत जुलैत दंड १२ आणि व्याज ६, म्हणजे १८ टक्के. त्यावर वसुलीच्या वकिलाचे २० टक्क्यांपर्यंत. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणाऱ्या माणसाला ही जुलै फार महाग पडते. माझ्या टेबलापुढे बसलेल्या एका मराठी जोडप्याने हा सगळा दंड भरला होता, आणि डिफरल या शब्दाचा त्यांना पत्ताच नव्हता. नवरा ७३ वर्षांचा. मी विचारलं, “मग ६५ वर्षांवरच्यांची सवलत तरी घेतलीत का?” तीही नाही. त्यांना वाटलं होतं, वय सरकारला माहीत असतं, ती आपोआप लागेल.

त्यामुळे डिफरलच्या आधी हे. साधी होमस्टेड सवलत नोव्हेंबर २०२५ च्या मतदानानंतर शाळेच्या टॅक्ससाठी १,४०,००० डॉलर झाली आहे आणि ६५ वर्षांवरच्यांना आणखी ६०,०००. म्हणजे घराच्या किमतीतले दोन लाख शाळेच्या हिशेबातून बाद. शिवाय ६५ ला शाळेच्या टॅक्सची रक्कम गोठते. घराला नवं बांधकाम केलं नाही तर ती त्यावर जात नाही. ज्याला एकरकमी जड जातं त्याला चार हप्ते करून मिळतात, दंडाशिवाय: पहिला जानेवारीअखेर, मग एप्रिल, जून, ऑगस्ट उजाडायच्या आत. एवढ्यावरच कित्येकांचं भागेल आणि बोज्याचा प्रश्नच येणार नाही. यात एक आपली खास गोम आहे. आपल्यापैकी निम्म्यांची जन्मतारीख १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी टाकली ती टाकली. माझीही १ जून १९५५ आहे. आई सांगायची मी थंडीत जन्मले. तर वय मोजताना पासपोर्टावरचा हा १ जूनच धरला जातो. आईचं ऐकून कुणी आधी अर्ज करायला जाऊ नये.

माझं सांगते, कारण दुसऱ्याला सांगायचं आणि स्वतःचं झाकायचं हे मला जमत नाही. मिस्टर २०१९ ला गेले. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ आलं, आमच्या भागातले दिवे कित्येक दिवस गेले, आणि माझ्या छपराचा मागचा अर्धा भाग उडाला. विमा होता, पण वाऱ्याच्या नुकसानीतला पहिला वाटा घराच्या विमा-किमतीच्या टक्क्यांत आपण सोसायचा असतो, आणि तो छपराच्या खर्चाच्या जवळपास निघाला. वर पुढच्या वर्षीचा हप्ता वाढून आला. छप्पर करणं भाग होतं. मग नोव्हेंबरात टॅक्सचं बिल आलं. मी तीन आठवडे ते फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं, येता-जाता बघत होते. शिल्लक मोडता आली असती, पण आयआरएमधून, म्हणजे निवृत्तीच्या बचत-खात्यातून, मोठी रक्कम काढली की त्यावर इन्कम टॅक्स, आणि दोन वर्षांनी मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचा हप्ताही वाढू शकतो. मुलीकडे मागता आले असते. ती म्हणालीच नंतर, “आई, मला सांगायचंस ना!” खरं सांगू? मुलीकडे हात पसरण्यापेक्षा मला काउंटीचा बोजा सोयीचा वाटला. काउंटी ‘आता तिकडे एकटी राहू नकोस’ म्हणत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये, संक्रांतीच्या आसपास, मी बँकेतल्या नोटरीपुढे सही केली. सही करताना पत्र्याची पेटी आठवलीच. घरी आले आणि सगळ्यात आधी मुलीला व्हिडिओ कॉल लावला, कागद कॅमेऱ्यासमोर धरला, म्हटलं, “वाच. हे घर विकशील तेव्हा यातले पैसे आधी जातील.” ती रडली, मग चिडली, मग हिशेब विचारला. इंजिनिअर आहे. तिला दिलेला हिशेब तुम्हालाही देते: समजा वर्षाचा टॅक्स ६,००० आणि दहा वर्षं भरलाच नाही. मुद्दल ६०,०००. पहिल्या वर्षाच्या सहा हजारांवर नऊ वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर आठ, असं उतरत शेवटच्यावर शून्य; एकूण पंचेचाळीस वेळा तीनशे, म्हणजे १३,५००. घर चार लाखांचं असेल तर चार लाखांतले साडेत्र्याहत्तर हजार गेले. आणि त्या बदल्यात माणूस दहा वर्षं आपल्या अंगणातल्या तुळशीला पाणी घालत राहिला. मला हा सौदा वाईट वाटत नाही. पण ज्याला वारशात अख्खं घर हवं आहे त्याला वाईट वाटू शकतो, आणि म्हणूनच तो त्याच्यासमोर व्हायला हवा.

यात खाचखळगे आहेत आणि ते सांगितल्याशिवाय कुणालाही या वाटेला लावू नका.

पहिला खड्डा १८१ दिवसांचा. मालक गेला, किंवा त्याने घर विकलं, किंवा ते त्याचं राहतं घर उरलं नाही, की घड्याळ सुरू. १८१ व्या दिवसापर्यंत सगळी रक्कम आणि व्याज भरायचं. त्यानंतर दंड लागतो आणि काउंटीला वसुलीचा रस्ता मोकळा. काकांच्या मुलाचं इथेच चुकलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की दिवस मोजले जातायत. मागे राहिलेला जोडीदार ५५ किंवा त्याहून मोठा असेल आणि तिथेच राहत असेल तर त्याला डिफरल पुढे चालू ठेवता येतं. मुलगा-मुलगी तिथे राहत असली तरी त्यांना हे लागू नाही. आईवडिलांची सेवा करायला नोकरी सोडून आलेली एक मुलगी मला माहीत आहे. वडील गेल्यावर सहा महिन्यांत एवढी रक्कम उभी करणं तिला जमलं नाही आणि राहतं घर घाईत विकावं लागलं.

दुसरा, मॉर्गेज. ते शिल्लक असेल तर डिफरलचा उपयोग जवळजवळ शून्य. बँकेच्या करारात टॅक्स वेळेवर भरायची अट असते. तुम्ही नाही भरला तर बँक स्वतः भरते आणि तुमच्या हप्त्यात चढवते. रिव्हर्स मॉर्गेजचं, म्हणजे म्हातारपणी घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जाचं, तर आणखी कडक. सरकारी विमा असलेलं रिव्हर्स मॉर्गेज आणि आपलं हे डिफरल एका घरात नांदत नाहीत. रात्रीच्या जाहिराती बघून काहीजण आधी ते घेऊन बसतात आणि मग माझ्याकडे डिफरल विचारायला येतात.

तिसरा आपल्या लोकांचा: हिवाळा पुण्यात काढणं. होमस्टेड सवलतीच्या कायद्यात तात्पुरत्या गैरहजेरीला जागा आहे. परत यायचा इरादा हवा, दुसरीकडे मुख्य घर केलेलं नसावं आणि गैरहजेरी दोन वर्षांच्या आत असावी. आजारपण-म्हातारपणासाठी केअर सेंटरमध्ये राहावं लागलं तर ही दोन वर्षांची मर्यादाही नाही. पण डिफरल घेतलेल्या माणसाने पाच-सहा महिन्यांसाठी निघताना किंवा केअर सेंटरमध्ये जाताना अप्रेझल डिस्ट्रिक्टला लेखी विचारून, उत्तर फाइलला लावून ठेवावं. ‘फोनवर एक बाई हो म्हणाली’ याला कुणी विचारत नाही. आणि प्रेमापोटी घर मुलाच्या नावावर करून टाकायची आपली सवय! डिफरल चालू असताना मालकी बदलली की ते संपलं. वकिलाला विचारल्याशिवाय हा सोहळा करू नये.

इतर राज्यांतले नातेवाईक असतील त्यांना आपलं जसंच्या तसं सांगू नका. टेक्सासमध्ये कुणी कुणाला पैसे देत नाही, काउंटी आणि शाळा नुसत्या थांबतात. कॅलिफोर्नियात राज्याचा कंट्रोलर तुमचा टॅक्स काउंटीला भरतो आणि बोजा राज्याच्या नावे चढतो. तिथे वय ६२, उत्पन्नाची मर्यादा आणि घरात निदान ४० टक्के मालकीचं मूल्य लागतं. पैसे राज्याच्या खिशातले, म्हणून खिसा फाटला की योजना गेली: २००९ च्या आर्थिक टंचाईत कॅलिफोर्नियाने ती बंद केली, आणि नवे अर्ज पुन्हा घेतले ते २०१६ मध्ये. ओरेगॉनमध्येही पैसे कमी पडले तेव्हा २०११ साली नियम बदलून रिव्हर्स मॉर्गेज असलेल्या म्हाताऱ्यांना योजनेबाहेर काढलं. सरकार भरतंय या भरवशावर बसलेल्यांच्या हातात अचानक बिल आलं. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींचं प्रकरण निराळं. तिथला ‘सीनियर फ्रीझ’ म्हणजे वाढलेल्या टॅक्सची परतफेड, त्यात परत द्यायचं काही नसतं. ‘माझ्या एडिसनच्या मेव्हण्याला तर काहीच परत द्यावं लागत नाही’ असं म्हणत कुणी इथे भांडायला आलं तर हे लक्षात असू द्या.

आणि बोज्याला जी माणसं नुसती भितात, त्यांना मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिसच्या जेराल्डिन टायलरबाईंची गोष्ट सांगा. त्या २०१० मध्ये आपला कॉन्डो, म्हणजे मालकीचा फ्लॅट सोडून वृद्धांच्या वसाहतीत राहायला गेल्या. मागे कॉन्डोचा टॅक्स थकला. मूळ रक्कम २,३०० डॉलरच्या आसपास; दंड, व्याज आणि खर्च धरून एकूण १५,०००. हेनेपिन काउंटीने तो कॉन्डो ताब्यात घेऊन ४०,००० ला विकला आणि उरलेले २५,००० स्वतःकडेच ठेवले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०२३ मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की सरकारने देणं वसूल करावं, पण वरचे पैसे मालकाचे आहेत. टायलरबाई तेव्हा ९४ वर्षांच्या होत्या. लोक ही गोष्ट ‘बोजा किती भयंकर’ म्हणून सांगतात. मला ती उलटी वाटते. त्याच मिनेसोटात ज्येष्ठांसाठी डिफरल आहे: टॅक्स उत्पन्नाच्या ३ टक्क्यांपुरता स्वतः भरायचा, वरचा राज्य कर्जाऊ भरतं, व्याज ५ टक्क्यांच्या आत. बोजा तिथेही चढतो. पण तो लिहून घेतलेला, व्याज ठरलेला, वाट बघणारा बोजा. टायलरबाई त्या घरात राहत नव्हत्या, त्यामुळे त्यांना तो मिळालाही नसता. हीदेखील शिकायची गोष्ट आहे. घर सोडून जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या टॅक्सकडे पहिल्या वर्षीच कुणीतरी बघायला हवं.

मला कधी कधी विचारतात, तरुणांनी शाळांचा टॅक्स भरायचा आणि म्हाताऱ्यांनी ढकलायचा, हे बरोबर आहे का? चाळीस वर्षं आम्ही भरला, त्यातली बरीचशी वर्षं घरात शाळेत जाणारं मूल नसताना. आणि पैसे बुडत नाहीत, व्याजासकट येतात. तरीही ज्याला सहज परवडतं त्याने ढकलू नये, असं माझं मत आहे. पाच टक्क्यांनी पैसे ‘फिरवण्यासाठी’ डिफरल घेणारे दोन हुशार गृहस्थ मला भेटले आहेत. त्यांना मी फॉर्म भरून दिला, पण चहा विचारला नाही.

आता तुमच्याकडचं मागणं. दर वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात मध्यंतरात कुणीतरी प्रायोजक वीस मिनिटं ‘एस्टेट प्लॅनिंग’वर बोलतो आणि शेवटी ॲन्युइटी या विमा-योजनेचं पत्रक वाटतो. त्यातली दहा मिनिटं मला द्या. दिवाळीतच, कारण तेव्हा बिलं यायला लागतात. संक्रांतीपर्यंत थांबलात तर तिळगूळ आणि ३१ जानेवारी यांच्यात दोनच आठवडे उरतात. काहीही विकणारा माणूस व्यासपीठावर नको. दुसरं, सभासद-नोंदणीच्या फॉर्मवर ‘६५ वर्षांवरची सवलत घेतली आहे का’ एवढा एक प्रश्न छापा. उत्तर नाही दिलं तरी चालेल. प्रश्न वाचूनच काहीजण उठतील. तुमच्याकडे गाडी चालवणारी आणि इंग्रजी फोनवर न घाबरणारी तरुण मंडळी आहेत. गणपतीत ती मूर्ती उचलायला येतात, तशीच वर्षातून दोन शनिवारी एखाद्या आजी-आजोबांना नोटरीपर्यंत घेऊन जातील.

आणि मुलांची बैठक घ्या. निराळी, मराठी येवो न येवो, पन्नाशीच्या आतल्या मुलामुलींची, झूमवर का होईना. त्यांना सांगा की काउंटीच्या वेबसाइटवर आईवडिलांचा पत्ता टाकला की टॅक्स भरला आहे की नाही ते दोन मिनिटांत दिसतं; ही माहिती सगळ्यांना खुली आहे. चोरून बघायची गरज नाही, शेजारी बसून बघा. डिफरल असेल तर मृत्युपत्राच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर तसं लिहून, १८१ हा आकडा लाल शाईने लिहा. माझ्या फाइलमध्ये मुलीने तो तीन ठिकाणी लिहिला आहे.

गेल्या संक्रांतीला शेजारच्या एका काकूंनी शिकागोला मुलाकडे जायचं ठरवलं. टॅक्स झेपत नाही म्हणून घर विकलं. मी डिफरलबद्दल सांगितलं तेव्हा म्हणाल्या, “नको गं बाई, यांनी बोजा नसलेलं घर ठेवलंय माझ्यासाठी.” मी पुढे काही बोलले नाही. त्या आता मुलाच्या बेसमेंटमध्ये राहतात. फोनवर सांगतात की खिडकी उंचावर आहे, पण प्रकाश येतो.

येत्या आषाढीला भजन माझ्याकडेच आहे. ज्या कार्यकारिणीला दिवाळीतली दहा मिनिटं द्यायची असतील, तिने एका माणसाला पाठवावं. खिचडी खाऊन झाल्यावर माझं ॲफिडेव्हिट आणि यंदाच्या व्याजाचा कागद त्याच्या हातात देईन, नाव झाकून झेरॉक्स काढून कुठल्याही व्यासपीठावर दाखवायला माझी हरकत नाही.

आपली,
ह्यूस्टनजवळच्या उपनगरातली, १९८० पासूनची एक सभासद

ता. क. फॉर्मचा क्रमांक ५०-१२६ आहे, टेक्सास कंट्रोलरच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. हा भरून देण्याचे कुणी पैसे मागत असेल तर त्याला आधी माझ्याकडे पाठवा.